थंडीतील हायब्रिड मोटार आणि पेट्रोलचा जमाखर्च

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

‘हायब्रिड’ हा शब्द आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोटारीबरोबर आला नाही. तो बियाण्याच्या पिशवीवरून आला. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आणि १९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रातून एच-४ ही संकरित कपाशी बाहेर पडली. तेव्हापासून हायब्रिड म्हणजे भरघोस देणारे, पण लाड करून घेणारे, अशी खूणगाठ आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांनी बांधून ठेवली आहे. आता हाच शब्द मोटारीच्या मागच्या दारावर दिसू लागला आहे. गाडी घेणाऱ्याला सांगितले जाते की एका लिटरमध्ये पंचवीस-सत्तावीस किलोमीटर जाईल. दिवाळीपर्यंत तो खूश असतो. मार्गशीर्ष-पौषात मात्र समोरच्या पडद्यावरचा आकडा घसरू लागतो आणि आपण फसलो की काय, अशी शंका त्याला येते. हा आकडा का घसरतो, किती घसरतो आणि त्यावर काय करता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे, अभियांत्रिकीचा नाही. त्यामुळे यंत्राची बाजू गरजेपुरती सांगून भर हिशेबावर देणार आहे.

प्रथम हायब्रिड मोटार म्हणजे काय ते पाहू. या गाडीत पेट्रोलचे इंजिन असते आणि विजेवर चालणारी मोटरही असते. सावकाश जाताना गाडी विजेवर चालते आणि इंजिन बंद राहते. वेग वाढला, चढ आला किंवा बॅटरी उतरली की इंजिन सुरू होते. ब्रेक दाबला की एरवी चाकांतली जी शक्ती उष्णता होऊन वाया जाते, तिच्यातली काही वीज होऊन बॅटरीत जमा होते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या हायब्रिडला बाहेरून तार लावून चार्ज करता येत नाही, तिच्या बॅटरीत बाहेरचा एक पैसाही जमा होत नाही. बॅटरी हे बचत खाते आहे, पण त्यातली प्रत्येक ठेव शेवटी पेट्रोलच्याच कमाईतून आलेली असते. उत्पन्नाचे साधन एकच, ते म्हणजे टाकी. काही गाड्यांवर नुसते ‘स्मार्ट हायब्रिड’ असे लिहिलेले असते. त्यांत मोटर फक्त इंजिनाला हातभार लावते, एकटी गाडी ओढू शकत नाही. पुढील विवेचन एकट्या विजेवर चालू शकणाऱ्या, म्हणजे ‘स्ट्राँग हायब्रिड’ गाड्यांचे आहे.

अशी पहिली मोठ्या प्रमाणावर तयार झालेली मोटार, टोयोटा प्रियस, जपानात डिसेंबर १९९७ मध्ये विक्रीस आली. आपल्याकडे ती २०१० मध्ये आली, पण किंमत अशी की सामान्य माणसाने फक्त पाहावी. मध्यमवर्गीयांच्या आवाक्याजवळ हा प्रकार आला तो २०२२ मध्ये, होंडा सिटी, टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड व्हिटारा या गाड्यांबरोबर. यांपैकी शेवटच्या दोन बेंगळुरूजवळच्या बिडदी येथे टोयोटा किर्लोस्कर कंपनीच्या कारखान्यात तयार होऊ लागल्या. आपल्या अंकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग असल्यामुळे जाता जाता सांगतो, की किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानाने झाली होती. तेव्हा या मोटारीवर दोन्ही विभागांनी हक्क सांगायला हरकत नाही!

आता थंडीकडे वळू. आदिलाबाद हा तेलंगणातील सर्वांत थंड भागांपैकी एक आहे. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून कोरडे वारे येतात, आकाश निरभ्र असते, आणि दिवसभर तापलेली जमीन रात्रीतून सगळी ऊब सोडून देते. पहाटेचा पारा दहाच्या खाली जाणे नित्याचे, आणि काही वर्षी चार-पाच अंशांपर्यंतही जातो. पण आमच्या थंडीचे वैशिष्ट्य असे की ती दिवसभर टिकत नाही. पहाटे आठ अंश आणि दुपारी अठ्ठावीस-तीस, असा तिचा खेळ असतो. (माझ्या आईचे माहेर बिदरकडचे, म्हणून आमच्या घरात थंडीला ‘चळी’ म्हणतात. आजोबा म्हणत, आदिलाबादची चळी पाहुण्यासारखी, सकाळी येते आणि जेवणाआधी जाते.) ही गोष्ट पुढे उपायांच्या वेळी उपयोगी पडेल.

गाडीला थंडी कोठे बाधते? सर्वांत मोठा फटका पहिल्या काही किलोमीटरांत बसतो. इंजिन गार असताना आतले तेल घट्ट असते, घर्षण जास्त असते आणि पेट्रोल नीट वायुरूप होत नाही, म्हणून ते जास्त सोडावे लागते. शिवाय धूर शुद्ध करणारे जे उपकरण धुराड्याच्या नळीत असते, ते तापल्याशिवाय काम करीत नाही. त्यामुळे गार हायब्रिड गाडीत इंजिन प्रथम स्वतःला आणि त्या उपकरणाला तापवण्यासाठी चालते. गल्लीतून दहाच्या वेगाने जात असलो, बॅटरी भरलेली असली, तरी ते बंद होत नाही. म्हणजे ज्या सवयीमुळे ही गाडी पेट्रोल वाचवते, ती इंजिन बंद ठेवण्याची सवयच थंड सकाळी काही मिनिटे स्थगित राहते. साध्या गाडीचे इंजिन काय, उन्हाळा-हिवाळा चालूच असते. तिला हे नुकसान जाणवत नाही.

दुसरी गोष्ट हीटरची, आणि येथे हायब्रिड आणि साधी गाडी यांच्यात खरा फरक आहे. मोटारीतली गरम हवा इंजिनाच्या पाण्यापासून मिळते. साध्या गाडीत इंजिनाची उष्णता वायाच जात असते, म्हणून तिचा हीटर जवळजवळ फुकटचा. हायब्रिडचे इंजिन काटकसरी, त्यामुळे वाया जाणारी उष्णता मुळातच कमी, आणि बंद असताना तर काहीच नाही. अशा वेळी हीटर पूर्ण लावून ठेवला, तर सिग्नलला उभ्या गाडीचे इंजिन केवळ आपले पाय गरम करण्यासाठी सुरू होते. पुष्कळांना हे ठाऊक नसते. इंजिन आपोआप का सुरू झाले, असे विचारत ते गॅरेज गाठतात.

तिसरी बॅटरी. थंड बॅटरी वीज घेण्यास नाखूष असते, म्हणून ब्रेकमधून मिळणारी जमा कमी होते. मात्र आमच्या आठ अंशांत हा परिणाम बेताचाच. उणे वीस अंशांच्या देशांत तो मोठा. त्यानंतर टायर. दुपारी तीस अंशांत ३३ पौंड भरलेली हवा पहाटे आठ अंशांत सुमारे साडेतीन पौंडांनी कमी भरते, आणि मऊ टायर ओढायला जास्त शक्ती लागते. शेवटी हवा स्वतः. आठ अंशांची हवा मेच्या चाळीस अंशांच्या हवेपेक्षा साधारण अकरा टक्के जड असते. गल्लीत याला महत्त्व नाही, पण महामार्गावर नव्वदच्या वेगाने हवा कापत जाताना ते जाणवते.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने या नुकसानीचे आकडे दिले आहेत. २५ अंशांच्या तुलनेत उणे ७ अंशांत शहरातल्या वापरात साध्या पेट्रोल गाडीचे मायलेज सुमारे १५ टक्क्यांनी घटते आणि पाच-सहा किलोमीटरांच्या छोट्या फेऱ्यांत २४ टक्क्यांपर्यंत. हायब्रिडचे मात्र ३० ते ३४ टक्क्यांनी. आमच्याकडे उणे ७ कधीच होत नाही, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. पण ते वाचून ‘हायब्रिड थंडीत साध्या गाडीच्या दुप्पट वाईट’ असा निष्कर्ष जे काढतात, त्यांच्याशी मला वाद घालावयाचा आहे, कारण ही चूक यंत्राची नसून टक्केवारीची आहे.

परिव्यय लेखाशास्त्रात, म्हणजे कॉस्टिंगमध्ये, आपण स्थिर खर्च आणि चल खर्च असे दोन भाग शिकतो. कारखान्याचे भाडे माल कितीही निघो, तेवढेच लागते. कच्चा माल उत्पादनाप्रमाणे वाढतो. गाडीचे तसेच आहे. इंजिन तापवण्याचे पेट्रोल हा दर थंड सुरुवातीचा स्थिर खर्च, आणि त्यानंतर दर किलोमीटरला लागणारे पेट्रोल हा चल खर्च. हिशेबासाठी काही आकडे धरू या. ते समजुतीसाठी घेतलेले आहेत, कोणत्याही एका गाडीचे नाहीत. तापलेल्या हायब्रिडला किलोमीटरला ५० मिलिलिटर पेट्रोल लागते, म्हणजे लिटरला २० किलोमीटर. साध्या गाडीला ७० मिलिलिटर, म्हणजे लिटरला १४.३ किलोमीटर. थंड सुरुवातीचा जादा खर्च दोघींनाही १०० मिलिलिटर.

आता पहाटेची ४ किलोमीटरांची फेरी घ्या. हायब्रिडला ४ गुणिले ५० म्हणजे २०० आणि वर १००, एकूण ३०० मिलिलिटर. मायलेज १३.३, घट ३३ टक्के. साध्या गाडीला २८० आणि वर १००, एकूण ३८० मिलिलिटर. मायलेज १०.५, घट २६ टक्के. टक्केवारीत हायब्रिड हरली. पण पेट्रोल किती वाचले ते पाहा. गरम असताना ४ किलोमीटरांत ८० मिलिलिटर वाचत होते. थंडीतही तेवढेच ८० वाचले. मूळ खर्च लहान असल्यामुळे तोच १०० मिलिलिटरचा बोजा हायब्रिडवर मोठा दिसतो, इतकेच. ज्याचा पगार कमी त्याला तेवढीच घरपट्टी जड वाटते, तसा हा प्रकार आहे. प्रत्यक्षात हायब्रिडचा थंडीचा बोजा साध्या गाडीपेक्षा काहीसा जास्त भरेल, कारण बंद राहू शकणारे इंजिन तिला चालू ठेवावे लागते. तेव्हा बचत थोडी घटेल हे कबूल. ती नाहीशी होते असे मात्र नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजू अंतराची. तीच थंड सुरुवात करून हायब्रिड ४० किलोमीटर गेली, तर खर्च २००० आणि १०० मिळून २१०० मिलिलिटर, मायलेज १९. म्हणजे घट ५ टक्क्यांची. स्थिर खर्च जास्त नगांवर वाटला की नगामागचा खर्च उतरतो, हे आपण अकरावीपासून घोकतो. येथे नग म्हणजे किलोमीटर. आदिलाबादहून केसलापूरच्या नागोबा यात्रेला जाणारी गाडी पौष अमावास्येच्या कडाक्यातही तीसेक किलोमीटर जाते, म्हणून तिचा आकडा फारसा पडत नाही. दोन गल्ल्या ओलांडून दूध आणायला जाणारी गाडी मात्र पडते.

हा हिशेब केवळ वहीतला राहू नये म्हणून एक उदाहरण सांगतो. आमच्या गल्लीतील एक काका भाड्याची गाडी चालवतात. गेल्या वर्षी त्यांनी कर्ज काढून जुनी हायब्रिड घेतली. ऑक्टोबरात पडद्यावर वीसच्या आसपास दिसणारा आकडा जानेवारीत चौदावर आला. एका गॅरेजवाल्याने मोठी बॅटरी गेली असे सांगितले आणि बदलण्याचा जो खर्च सांगितला, तो त्यांच्या वर्षाच्या हप्त्यांशी स्पर्धा करणारा होता. काका माझ्याकडे आले ते सल्ला विचारायला नव्हे, गाडी तोट्यात विकली तर कर्ज किती उरेल हे काढून घ्यायला. म्हणाले, “तू बी. कॉम. करतोस ना रे, एवढे लेक्क लावून दे.” (लेक्क म्हणजे कन्नडमध्ये हिशेब.)

मी त्यांना दोन प्रश्न विचारले. हिवाळ्यात फेऱ्या कोणत्या? पहाटे स्टेशनवर एक, मग तासाभराने शिकवणीची मुले, मग बाजार समितीत एका व्यापाऱ्याला सोडणे. प्रत्येक चार-पाच किलोमीटरांची, आणि मध्ये गाडी उघड्यावर उभी. दुसरा प्रश्न असा, की बाजार समितीचाच रस्ता दुपारी दोन वाजता, गाडी तापलेली असताना, किती देतो? ते त्यांनी पाहिलेच नव्हते. तीन दिवस पाहिले, तर दुपारी आकडा जवळजवळ ऑक्टोबरातलाच. थकलेली बॅटरी पहाटे थकलेली आणि दुपारी ताजी, असे होत नाही. धोक्याचा दिवाही लागलेला नव्हता. शिवाय आपल्याकडच्या स्ट्राँग हायब्रिड गाड्यांच्या बॅटरीवर कंपन्या साधारणपणे ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर अशी हमी देतात, आणि काकांची गाडी त्या मुदतीत बसत होती. तेव्हा पदरचा पैसा घालण्याआधी कंपनीच्या कार्यशाळेत तपासणी करून घ्या, असे मी सुचवले. तपासणीत बॅटरी ठीक निघाली. गाडी विकायची राहिली. ज्यांची अशी गाडी आहे त्यांनी मायलेज पडले म्हणून बॅटरीला दोष देण्यापूर्वी ही सकाळ-दुपारची तुलना जरूर करावी. तिला खर्च काही नाही.

आता उपाय. वरच्या हिशेबातून पहिला उपाय आपोआप निघतो, तो म्हणजे थंड सुरुवाती कमी करणे. काकांच्या तीन फेऱ्या एकापाठोपाठ जुळल्या, तर १०० मिलिलिटरचा बोजा तीनदा न पडता एकदाच पडतो. रोजचे २०० मिलिलिटर वाचले, तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत ५ लिटर, म्हणजे लिटरला शंभरावर असलेल्या भावाने पाचशेहून अधिक रुपये. ही रक्कम फार नाही, पण कर्जाच्या महिन्यात तीही मोजली जाते. घरगुती वापरात दूध, शाळा आणि किराणा एका फेरीत बसवावे. शक्य असेल तर लांबचे काम आधी आणि जवळची कामे परतताना करावीत, म्हणजे जवळची कामे तापलेल्या इंजिनावर होतात. आणि आमची थंडी जेवणाआधी जाणारी असल्यामुळे, जे काम अकरानंतर चालेल ते सहाला करू नये.

सकाळी गाडी अंगणात दहा मिनिटे तापवत ठेवण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी. ती कार्ब्युरेटरच्या काळात ठीक होती. उभ्या गाडीचे मायलेज शून्य असते, आणि इंजिन उभे असताना तापते त्यापेक्षा हळू चालवताना लवकर तापते. अर्धा मिनिट थांबून सावकाश निघावे, पहिले दोन-तीन किलोमीटर जोरात दाबू नये.

हीटर पहिली काही मिनिटे बंद ठेवावा, आणि नंतरही बेताने लावावा. आमच्या हवेत स्वेटर आणि मफलर पुरतो. मात्र काचेवर धुके धरले तर काटकसर बाजूला ठेवून काच साफ करणारी हवा लगेच चालू करावी. पैनगंगेच्या पुलाकडे पहाटे धुके असते, तेथे मायलेजचा विचार करू नये.

टायरची हवा पहाटे, गाडी चालवण्यापूर्वी, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याएवढी असावी. पंपावर दुपारी भरून घेतलेली हवा पहाटे तेवढी राहत नाही, हे वर आलेच आहे. तेल पुस्तिकेत सांगितलेलेच घालावे. या गाड्यांना बहुधा ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० असे पातळ तेल लागते. ‘जाड तेल इंजिनाला बरे’ असे सांगणारे मिस्त्री पुष्कळ आहेत, त्यांचे ऐकू नये. यातला डब्ल्यू हिवाळ्याचा आहे आणि त्याच्या मागचा आकडा जितका लहान तितके ते थंडीत लवकर वाहते. ब्रेक लांबून आणि हलके दाबावेत, म्हणजे थंड बॅटरीलाही जमा करून घ्यायला वेळ मिळतो. महामार्ग ४४ वर नागपूरकडे जाताना नव्वदऐवजी ऐंशीने गेल्यास हवेचा विरोध एकवीस टक्क्यांनी कमी होतो. थंड हवेचे सगळे ओझे त्यात फिटून वर शिल्लक राहते.

काही उपाय मात्र परदेशांतले आहेत आणि ते इकडे आणू नयेत. कॅनडात रात्री इंजिनाला विजेचा हीटर लावून ठेवतात. अमेरिकेत विकल्या गेलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये तर इंजिनाचे गरम पाणी साठवून ठेवणारा चक्क थर्मास होता. ते पाणी तीन दिवसांपर्यंत ऊब धरून राही आणि पुढच्या सुरुवातीला इंजिनात सोडले जाई. कल्पना सुंदर आहे, पण आमच्या आठ अंशांना एवढा सरंजाम नको. बर्फाच्या देशांतले काही जण गाडीची पुढची जाळी फोमने किंवा पुठ्ठ्याने बंद करतात. आमच्याकडे सकाळी लावलेला पुठ्ठा दुपारी तीस अंशांत विसरला, तर इंजिन आणि विजेची उपकरणे दोन्ही तापतील आणि वाचलेले पेट्रोल दुरुस्तीत जाईल. मागच्या सीटजवळ बॅटरीच्या हवेची जाळी असते, तिच्यावर घोंगडी-रग टाकून तीही बुजवू नये.

शेवटी मोजमापाविषयी. जाहिरातीतला आकडा, उदाहरणार्थ हायरायडर आणि ग्रँड व्हिटारासाठी सांगितला गेलेला २७.९७, हा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. तेथे तापमान २० ते ३० अंशांच्या दरम्यान ठेवतात आणि गाडी रुळांवर ठराविक क्रमाने चालवतात. त्याच्याशी जानेवारीच्या पहाटेची तुलना करणे म्हणजे गोदामातल्या भावाशी किरकोळ भाव ताडून पाहणे. पडद्यावरचा सरासरी आकडाही एका दिवसाचा धरू नये. टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटर लिहावेत, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरावी, आणि गेलेले किलोमीटर भरलेल्या लिटरांनी भागावेत. वहीत तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये आणि थंड सुरुवाती किती, असे पाच रकाने आखावेत. पाचवा रकाना कोणत्याही छापील नमुन्यात सापडणार नाही, तो आपणच पट्टी घेऊन ओढावा. एका पानावर नोव्हेंबर आणि दुसऱ्यावर जानेवारी आला, की किती पेट्रोल थंडीने नेले आणि किती आपल्या फेऱ्यांनी, हे वेगळे दिसू लागते.